नाना, जरा बाजूला सरका

आमचे मच्छिंद्रनाना भाकरीचा पहिला घास तोंडात घालत नाहीत. तो आधी फोनला दाखवतात. देवाला नैवेद्य दाखवावा तसं ताट समोर धरायचं, फोन एकदा वरून फिरवायचा, एकदा बाजूनं, मग एकदा स्वतःच्या तोंडासकट, आणि म्हणायचं, "नमस्कार मित्रांनो, मी तुमचा लाडका नाना. आज आपल्याकडं हाय मेथीची भाजी. एक नंबर!" तोवर मेथी गार आणि भाकरी वातड. मी शेजारीण. मधल्या भिंतीपलीकडून हे रोज ऐकते. भाजी बहुतेक वेळा मीच दिलेली असते, पण मित्रांना माझं नाव अजून कळलेलं नाही.

आम्ही साखर कारखान्याच्या कॉलनीत राहतो. श्रीरामपूर आणि नेवाशाच्या मधे कुठंतरी समजा, नेमकं ठिकाण सांगून मला नोकरीत भानगड नकोय. मी ऑफिसात बसून कुणाचा किती ऊस आला ते कॉम्प्युटरात भरते. नाना केन यार्डच्या गेटवर असतात. यार्ड म्हणजे कारखान्यापुढचं दांडगं मैदान. उसानं भरलेल्या बैलगाड्या आणि ट्रॅक्टर तिथं येतात, नाना केबिनमधून प्रत्येकाला नंबराचं टोकन देतात, आणि मग आपला नंबर पुकारेपर्यंत गाडीवानानं बसून राहायचं. कधी तासभर, कधी अख्खा दिवस. नानांच्या खुर्चीमागं मोठी खिडकी आहे आणि त्या खिडकीत सगळं यार्ड दिसतं. एवढं लक्षात ठेवा, बाकी मी सांगते.

नाना उंचीला बेताचे, छाती पुढं, मिशीला आणि केसाला कुळकुळीत कलप. हे फोनचं वेड त्यांना पूर्वी नव्हतं बरं का. पूर्वी साधे होते बिचारे. संध्याकाळी ओट्यावर बसायचे, नानी आतून ओरडायच्या, हे बाहेरून ओरडायचे, आम्हाला टीव्ही लावायची गरज पडायची नाही. मग नानी सुनेच्या बाळंतपणाला पुण्याला गेल्या. सून नोकरीला जाते, बाळाला बघायला कुणी नको का? बाळ आता दप्तर घेऊन शाळेत जातं, पण नानी अजून तिथंच. गौरी-गणपतीला येतात, सगळे डबे घासतात, नानांच्या नावानं बोटं मोडतात आणि परत जातात.

तेव्हापासून नानांचं घर गप्प झालं आणि फोन बोलायला लागला. पेजचं नाव ठेवलंय 'नाद नानाचा'. प्रत्येक रील आधी नानींना पाठवायचं असा नेम. पण नानींचा फोन असतो नातवाच्या हातात, आणि त्याला हवा असतो त्यातला कार्टूनचा उंदीर. नानींनी आजवर एकही रील शेवटपर्यंत बघितलेलं नाही. नाना मात्र मला सांगतात, "तुमच्या नानी म्हनल्या, लई भारी झालंय."

आता फोन सुटलाय कुणाचा म्हणा! आमचे लेबर ऑफिसर मीटिंगमध्ये टेबलाखाली अंगठा हलवत बसतात आणि मधेच खुदकन हसतात, ते सुद्धा कामगाराच्या अपघाताचा विषय चाललेला असताना. मी काही धुतल्या तांदळाची नाही. साड्यांचे लाईव्ह बघते. घेत नाही, नुसती बघते, आणि भाताला खालून करपल्याचा वास आला की उठते. पण नानांचं म्हणजे काही विचारू नका. त्यांच्या तोंडी एकच शब्द, पब्लिक. "आज पब्लिकला काय दावायचं?" "केस पांढरे घेऊन पब्लिकफुडं जाऊ व्हय?" एकदा पाय मुरगळला तर म्हणाले, "माझं जाऊ द्या वैनी, पब्लिकला लंगडताना कसं दिसंल?"

यार्डात तर त्यांनी कहरच केला होता. केबिनच्या त्या खिडकीकडं पाठ करून दिवसभर रीलं चालायची. एकदा एक गाडीवान टोकन घेऊन आत निघाला, तर नाना ओरडले, "थांब थांब, उजेड बरोबर नव्हता. मागं घे, परत ये." उसानं भरलेली गाडी! बैल पुढं जातो, बाबांनो, गाडीसकट मागं कुठला सरतोय? गाडीवानानं कासरा ओढला, बैलांनी माना झाडल्या, मागची गाडी पुढच्या उसात घुसली, त्यामागचा ट्रॅक्टरवाला हॉर्न द्यायला लागला आणि गेटपासून रस्त्यापर्यंत शिव्यांची रांग लागली. नाना तेवढ्यात फोनकडं तोंड करून, "बघा मित्रांनो, काय गर्दी हाय आपल्याकडं!"

आणि दामूअण्णांचा दहावा. दामूअण्णा आमच्या कॉलनीतले रिटायर फिटर. प्रवरेकाठी पिंड ठेवला, सगळे लांब उभे राहिले, पण कावळा काही शिवेना. झाडावर बसलाय, बघतोय, खाली येत नाही. मुलगा हात जोडून म्हणाला, "अण्णा, आईला अंतर देणार न्हाई." नाही आला. भाऊ म्हणाला, "बांधाचा वाद मिटवतो." नाही आला. पुतण्यानं तर भरल्या डोळ्यांनी दारू सोडली. आणि इकडं नाना पिंडापासून हातभर अंतरावर उकिडवे बसून हळू आवाजात, "मित्रांनो, काय इच्छा राहिली असंल अण्णांची? कमेंटमध्ये सांगा." शेवटी अण्णांची म्हातारी बहीण काठी आपटत पुढं आली. "त्या फोनवाल्या मुडद्याला हाकला आधी! कावळा काय त्याच्या बापाचा नोकर हाय?" दोघांनी नानांना दंडाला धरून मागं आणलं, आणि ते चार पावलं सरतात न सरतात तोच कावळा उतरला. पुतण्याला दारू सोडल्याचा फार पश्चात्ताप झाला म्हणतात.

एवढं असूनही पेज मात्र चालत होतं. मला नवल वाटायचं. या माणसाचं मेथी खाताना तोंड बघायला माणसं येतात कुठून? नाना म्हणायचे, "पाथर्डीकडं माझी लई क्रेझ हाय, वैनी. शेवगाव, पाथर्डी, तिकडल्या डोंगरातल्या गावांनी तर डोक्यावर घेतलंय." आणि खरंच, बघणारे सगळे त्याच बाजूचे. ऊस तोडायला आमच्याकडं माणसं येतात तीही तिकडचीच. दिवाळी झाली की नवरा-बायको, बैलं, भांडीकुंडी घेऊन येतात, कारखान्याजवळ पाचटाच्या कोप्या, म्हणजे झोपड्या, घालून राहतात आणि उन्हाळा लागला की परत जातात. म्हातारी माणसं आणि शाळेची पोरं गावाकडं राहतात. हे मला माहीत होतं. पण दोन गोष्टी शेजारी ठेवून बघायचं सुचायला हवं ना! मला नाही सुचलं आणि नानांना सुचायचा प्रश्नच नव्हता.

एकदा मी त्यांच्या रीलखालच्या कमेंट वाचल्या आणि मला हसू आवरेना. "नाना, जरा बाजूला सरका." "डोकं खाली घ्या नाना." "मोबाईल डावीकडं घ्या की." "मगाशी निळी ताडपत्री गेली ती परत दावा." "नाना, तुमी लई मधी येता." स्वतःच्याच रीलमध्ये मधी येणारा माणूस मी पहिल्यांदा बघत होते.

"हे काय हो, नाना?" मी विचारलं.

"जळत्यात," नाना म्हणाले. "आपल्याच खात्यातला कोनीतरी हाय. खोटी अकाउंटं काढून लिहितोय. पन मी कच्च्या गुरूचा चेला न्हाई. आता क्वालिटीच अशी देतो का पब्लिक फकस्त माझ्याकडं बघंल."

आणि क्वालिटी आली. श्रीरामपूरहून नानांनी एक गोल दिवा आणला आणि एक भलंमोठं फ्लेक्स छापून आणलं. त्यावर बर्फाचे डोंगर, खाली निळं तळं, तळ्याकाठी लाल कौलाचं घर आणि पाण्यात दोन बदकं. हे फ्लेक्स त्यांनी केबिनच्या मागच्या खिडकीवर ठोकलं. यार्ड गेलं, गाड्या गेल्या, धूळ गेली. बर्फात बसून नाना म्हणायला लागले, "नमस्कार मित्रांनो, आज यार्डात लई ऊन हाय."

पब्लिक खवळलं. "पडदा काढा." "हे काय लावलंय?" "नाना, पाया पडते, पडदा काढा." लोक पेज सोडून जायला लागले. नाना दिवसभर फोन बघायचे आणि उतरलेल्या तोंडानं फिरायचे. जेवणात लक्ष नाही. एक दिवस भाजी द्यायला गेले तर भाकरी तशीच पडलेली, ताट फोनला दाखवलेलंसुद्धा नाही. "पब्लिकला क्वालिटी कळत न्हाई, वैनी," एवढंच म्हणाले. मी म्हटलं, बरं झालं, उतरेल आता भूत. पण त्यांचं ते तोंड काही मला बघवेना.

मग एका दुपारी टोकनचा मेळ घ्यायला मी गेटवर गेले होते. तेवढ्यात एक म्हातारा आला. धोतर, मळकी टोपी, खांद्याला कापडी पिशवी, चेहऱ्यावर एसटीची धूळ. दाराशी चपला काढल्या आणि विचारलं, "त्ये मोबाईलातले नाना हितंच असत्यात का?"

नाना ताडकन उभे राहिले. "मीच की! या, या, बाबा. कुठून आलात?"

"पाथर्डीच्या पल्याडून. दोन एस्ट्या बदलल्या."

नानांनी माझ्याकडं असं बघितलं, जणू विचारतायत, आता तरी पटलं का? "वैनी, फॅन आला," ते कुजबुजले. मग काय विचारता! म्हाताऱ्याला स्वतःची खुर्ची दिली. वॉचमनला स्पेशल चहा आणायला पिटाळलं. कंगवा फिरवला, दिवा लावला, फोन स्टँडवर ठेवला आणि लाईव्ह सुरू केलं.

"नमस्कार मित्रांनो! जे जळतात त्यांनी आज डोळे उघडून बघा. आपले चाहते थेट पाथर्डीहून नानाला भेटाया आलेत. बाबा, तुमचं नाव सांगा पब्लिकला."

म्हाताऱ्यानं फोनला हात जोडले. "रंगनाथ. समदे आप्पा म्हनत्यात."

"आप्पा, आमचं कुठलं रील आवडतं तुमाला?"

"समदे बघतो. रोज. नात शाळंतून आली का तिला लावाया लावतो."

"आनि त्यात काय आवडतं? मोकळेपनानं बोला."

आप्पा जरा घुटमळले. नानांच्या डोक्याकडं बघत हात वर केला. "तुमच्या ह्या कानाच्या मागं थोडी जागा ऱ्हाती ना, तितून दिसतं."

"काय दिसतं?"

"मही लेक."

नाना हसतच होते. त्यांना अजून कळलं नव्हतं. आप्पा आपले सांगत राहिले. "सिंधू नाव हाय तिचं. निळ्या ताडपत्रीची गाडी. जावई म्होरं असतो, ती वर बसती. दिवाळीपून बघतोय. आमचं अख्खं गाव तुमालाच बघतं, साहेब. कुनाचं पोरगं, कुनाची सून. पारावर बसून बघतो समदे. कुनाचं मानूस दिसलं का वरडतो. मग तुमी डोकं हालिवता आन जातं ते."

फोनवर कमेंटचा पाऊस सुरू झाला होता. "अरे आप्पा! आप्पा पोचले बघा तिकडं!" "आप्पा, आमच्या सोमनाथचं विचारा!" नानांनी त्या वाचल्या. हसू ओठावरच राहिलं, पण डोळ्यांतून गेलं.

मी विचारलं, "आप्पा, लेक फोन करत नाही का?"

"करती की. बरं हाय म्हनती. पोरी फोनवर खोटं बोलत्यात, बाई. म्हातारा जिवाला लावून घील म्हनून. पर बैल काय खोटं बोलत न्हाई. पाखऱ्याच्या बरगड्या वर आलेल्या दिसल्या का समजायचं, बैलाला पोटभर न्हाई. बैलाला न्हाई तर मानसाला कुठलं?" त्यांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "मागल्या हप्त्यात तिच्या हाताला फडकं दिसलं. चांगलं जाड. फोनवर म्हनती, काय न्हाई, खरचटलंय. म्हनलं उद्या नीट बघू. तर दुसऱ्या दिशी तुमी मधी डोंगर आनला."

वॉचमन चहा घेऊन दारात तसाच उभा.

"तेवढा डोंगर काढा, साहेब," आप्पा म्हणाले. "रोज येनं व्हत न्हाई. तुमच्या पाया पडतो." आणि खरंच वाकले.

नानांनी त्यांना मधेच धरलं. फोन बंद केला. 'लाईक करा, शेअर करा' म्हटलं नाही, 'तुमचा लाडका नाना' म्हटलं नाही, काही नाही. वॉचमनला म्हणाले, "जरा टोकन बघ," आणि आप्पांचा हात धरून यार्डात निघाले. मीही गेले. मेळ गेला खड्ड्यात.

निळी ताडपत्री पार मागं उभी होती. सिंधू गाडीच्या सावलीत बसून भाकरी खात होती, उजव्या हातानं. डावा हात पदराखाली. बापाला बघितल्यावर पोरगी उठली आणि आधी चिडलीच. "आप्पा! कशाला आला? कोनी सांगितलं तुमाला?"

"हात दाव."

"काय न्हाई झालं."

"सिंधे, हात दाव."

तिनं हात पुढं केला. फडकं काळंकुट्ट झालेलं. आप्पा ते सोडायला लागले, पण गाठ सुटेना, म्हणून नानांनी सोडलं. ऊस तोडताना कोयता लागला होता. बोट टम्म सुजलेलं, वास येत होता. मी तोंड फिरवलं. सिंधूचा नवरा खाली मान घालून म्हणाला, "खाडा नको म्हनून दवाखान्यात न्हाई गेलो." आप्पांनी लेकीच्या डोक्यावरचा पदर नीट केला आणि तिला जवळ घेऊन उभे राहिले. आता रडली ती. इतका वेळ मोठ्या बाईसारखी भांडत होती, आता बापाच्या खांद्यात तोंड घालून हमसून हमसून रडली.

नानांनी मोटरसायकल काढली, सिंधूला मागं बसवलं आणि दवाखान्यात नेलं. आम्ही मागोमाग, वॉचमनची गाडी उसनी घेऊन. डॉक्टरांनी जखम धुतली, इंजेक्शन दिलं आणि सगळ्यांना झाडलं. अजून थोडे दिवस काढले असते तर बोट गेलं असतं म्हणाले. एवढ्या सगळ्यात नानांनी फोन एकदाही बाहेर काढला नाही. संध्याकाळी आप्पांना फाट्यावर सोडायला तेच गेले. एसटीत चढताना आप्पांनी विचारलं म्हणे, "साहेब, माझा राग न्हाई ना आला?"

त्या संध्याकाळी भिंतीपलीकडून आवाज नाही. मी पिठलं घेऊन गेले. नाना ओट्यावर बसले होते, हात गुडघ्यांवर, नुसतेच.

"वैनी," ते म्हणाले, "येवढी मानसं. मला वाटलं मला बघत्यात."

मनात आलं, या माणसाला आपण इतके दिवस हसलो, आणि याला हवं होतं काय, तर रोज कुणीतरी विचारावं की जेवलास का. ते विचारायला घरात कुणी नाही, म्हणून ताट जगाला दाखवत होता. मला फार वाईट वाटलं. पिठलं ठेवलं आणि आले.

काही दिवस रील आलं नाही. फ्लेक्स केबिनमधून निघालं आणि सिंधूच्या कोपीवर गेलं. दव पडतं ना थंडीत, आत गळतं. आता उसाच्या फडाकडं जाताना पाचटाच्या कोप्यांत एका कोपीवर बर्फाचे डोंगर आणि दोन बदकं दिसतात. आमचे लेबर ऑफिसर तिथं थांबून फोटो काढतात.

मग एक दिवस दुपारी ऑफिसात सगळ्यांचे फोन वाजले. 'नाद नानाचा' लाईव्ह. मी उघडलं तर नाना दिसेनात. नुसतं यार्ड. गाड्यांच्या रांगेतून फोन चाललाय आणि मागून नानांचा आवाज.

"ही बघा निळी ताडपत्री. सिंधूताई, हात वर करा. तो न्हाई, पट्टीचा. आप्पा, बघा, बोटं हालत्यात. हालवा ताई. दिसली का? आता पाखऱ्याकडं बघा. उसाचं वाढं टाकलंय त्याला, खातोय. फुडं चला. हा कोन? तोंड लपवू नको, गोरख. मित्रांनो, ह्यानं आईला कधीपास्नं फोन केला न्हाई. माऊली, बघत असाल तर शिव्या घाला ह्याला, मी आयकवतो."

यार्डात सगळे हसत होते. गोरखची आई खाली लिहायला लागली तसं नानांनी ते मोठ्यानं वाचलं, आणि तो एवढा मोठा बाप्या कानाला हात लावून सॉरी म्हणाला.

मग हे रोजचंच झालं. दुपारी टोकनची गर्दी कमी झाली की नाना फोन उलटा धरून निघायचे. बायका पदर सारखा करून वाट बघायच्या. पोरं बैलांच्या अंगावरून हात फिरवून त्यांना नीट उभं करायची. कुणी कण्हत असलं तर नाना तिथंच विचारायचे, "काय झालंय? खरं बोल, तिकडं बघत्यात." आणि खरं निघायचं. किती जण तापात काम करताना त्या फोनमुळं सापडले आणि दवाखान्यात गेले. बघणारे वाढले, खूप वाढले. पण 'नाना, एक नंबर' असं कुणी लिहिलं नाही. सगळं आपल्या माणसांचं. "आमचा किसन दावा." "सुनंला म्हनावं, पोरगी पास झाली." नानांचं तोंड कुठंच नाही. त्यांनी कलप लावायचं सोडलं. मिशी आधी पांढरी झाली, मग केस. मला वाटलं होतं खचतील. तसे दिसत नव्हते, पण घरात मात्र फार बोलेनासे झाले.

संक्रांतीच्या आसपास थंडी कडक पडली आणि नानांनी अंथरूण धरलं. ताप, खोकला, छाती भरलेली. मी नानींना फोन लावला. नातवाचं शाळेत गॅदरिंग होतं, त्याला ससा व्हायचं होतं, म्हणून नानी रविवारी येते म्हणाल्या. आवाजात काळजी होती, खोटं कशाला बोलू. पण काळजी पुण्यात आणि ताप इथं.

मी भाताची पेज केली आणि ऑफिस सुटल्यावर घेऊन गेले. नाना भिंतीकडं तोंड करून पडले होते. फोन उशाशी, बंद.

"चार्जिंगला लावू का?" मी विचारलं.

"ऱ्हाऊ द्या. कोन वाट बघतंय? एक दिवस यार्ड न्हाई दिसलं तर आपापल्या मानसांना फोन करतील लोक."

मी खाटेजवळ स्टूल ओढलं आणि माझा फोन उघडला. आदल्या दिवशीच्या यार्डाच्या व्हिडिओखाली कमेंट आल्या होत्या. मी मोठ्यानं वाचायला लागले. "आज का न्हाई आलं?" "नाना कुठं हायेत?" "काल बोलताना ठसका लागत हुता त्यांना." "आवाज बसला हुता. काढा घ्या म्हनावं." "नानांचा आवाज आल्याशिवाय आमच्या म्हातारीला जेवान जात न्हाई." "आमचा किसन ऱ्हाऊ द्या, नानांचं सांगा."

मी थांबले. भिंतीकडून आवाज आला, "अजून?"

अजून होत्या. खूप होत्या. मी वाचत गेले. शेवटी आप्पांची होती, नातीनं लिहिलेली. "आप्पा रडकुंडीला आलेत. इचारतेत, नाना आजारी हायेत का? घरी त्यांच्यापाशी कोनी हाय का?"

हे वाचल्यावर नानांचे खांदे घोंगडीखाली हलायला लागले. तोंड त्यांनी वळवलं नाही. मी पेज झाकून ठेवली. मग विचारलं, "काय कळवू, नाना?" त्यांनी घोंगडी डोक्यावर ओढली.

मी जन्मात कधी कुठं कमेंट केलेली नाही. मला तो प्रकारच पटत नाही. चष्मा पदरानं पुसला आणि एकेक अक्षर शोधून लिहिलं, "आहे. मी आहे, शेजारची. काळजी करू नका." आणि पाठवून दिलं.